वाऱ्याला कोंडणारी माणसं

पॅरिसच्या सोळाव्या विभागात, ओतॉय भागात, रू ब्वालो नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पैसेवाल्यांची घरं, आणि पैसेवाल्यांच्या वस्तीत असते तशी शांतता. या रस्त्यावरच्या 67 क्रमांकाच्या इमारतीत 1912 सालापासून वारा पाळलेला आहे. बाहेरून जाणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. इमारत एखाद्या जुन्या कारखान्यासारखी दिसते, आणि ती बांधणाऱ्याचं नाव आहे गुस्ताव्ह आयफेल. होय, तोच टॉवरवाला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्समध्ये वारसा दिवस पाळतात. एरवी बंद असणारी अनेक दारं त्या दोन दिवसांत लोकांसाठी उघडतात. माझा भाचा तुलूझला विमानांच्या आकारांचा हिशोब करण्याची नोकरी करतो. तो म्हणाला, "मामा, लूव्रमध्ये तू गर्दीच्या पाठी बघणार आहेस. त्यापेक्षा माझ्याबरोबर चल, आमच्या धंद्याचं मूळ पीठ दाखवतो." मला विमानातलं खिडकीजवळच्या जागेपलीकडे काही कळत नाही. पण तो इतका उत्साहात होता की नाही म्हणवलं नाही.

आत शिरलो आणि पहिल्यांदा दिसला तो एक प्रचंड कर्णा. सनईचं तोंड माणूस उभा मावेल एवढं करून भिंतीत बसवावं, तसा. इथून हवा खेचली जाते. कर्णा निमुळता होत जातो तशी हवेची गती वाढते, आणि दोन मीटर व्यासाचा वाऱ्याचा झोत एका बंद खोलीत मोकळा वाहतो. पलीकडच्या भिंतीत दुसरा कर्णा, उलटा, हळूहळू रुंदावत जाणारा. तो झोताला पुन्हा पोटात घेतो, आणि त्याच्या टोकाला पंखा. गंमत अशी की पंखा वारा ढकलत नाही, ओढतो. ढकललेला वारा भोवऱ्यांनी गढूळ होतो. ओढलेला त्यामानाने नितळ राहतो. मागचा रुंदावणारा कर्णा ही आयफेलची खरी हुशारी. त्यात वाऱ्याचा वेग शिस्तीत कमी होतो, वेगात अडकलेली शक्ती दाबाच्या रूपात परत मिळते, आणि थोड्या अश्वशक्तीत जास्त वारा पदरात पडतो. याचं त्याने पेटंटही घेतलं होतं.

प्रयोग करणारी माणसं त्या खोलीतच असत. झोताच्या वरून रुळांवर सरकणारा पूल आहे, त्यावर तराजू. खाली विमानाची छोटी प्रतिकृती वाऱ्यात टांगायची आणि वर बसून वारा तिला किती मागे ढकलतो, किती वर उचलतो ते तोलायचं. वारा सुरू असताना खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, त्यामुळे ती हवाबंद ठेवावी लागे आणि आत-बाहेर करायला दोन दारांमधली छोटी खोली लागे. भोवती वादळ आणि मध्ये टेबलखुर्ची टाकून आकडे लिहिणारे कारकून, हे चित्र मला फार आवडलं.

आता प्रश्न पडतो, की लोखंडी पुलांचा आणि टॉवरचा हा इंजिनियर वाऱ्याच्या नादी लागला कसा? खरं तर वारा हा त्याचा जुना शत्रू. पूल आणि टॉवर बांधताना त्याला सर्वांत जास्त धास्ती वाऱ्याची होती, आणि त्याच्या काळी वाऱ्याच्या जोराची जी कोष्टकं मिळत ती एकमेकांशी जुळत नसत. पनामा कालव्याच्या घोटाळ्यात त्याच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली आणि पुढे ती रद्द झाली. त्यानंतर त्याने कंत्राटदारी सोडली आणि हाताशी असलेल्या टॉवरलाच प्रयोगशाळा केलं. टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरून, 115 मीटर उंचीवरून, तो वेगवेगळ्या आकारांच्या पत्र्याच्या तबकड्या एका ताठ दोरीच्या आधाराने खाली सोडू लागला. पडताना हवेचा विरोध किती होतो ते तबकडीबरोबरचं यंत्र स्वतःच नोंदवून ठेवी. 1903 च्या सुमाराला सुरू केलेला हा उद्योग त्याने काही वर्षं चालवला. तेव्हा तो सत्तरीत होता.

यात एक हिशोबीपणाही होता, तो सांगायलाच हवा. टॉवरला परवानगी होती ती 20 वर्षांची. 1909 मध्ये तो उतरवता आला असता. टॉवर विज्ञानाच्या आणि बिनतारी संदेशांच्या कामी येतो हे दाखवणं आयफेलच्या सोयीचं होतं. त्याच 1909 साली त्याने टॉवरच्या पायथ्याशी पहिला वातबोगदा, म्हणजे असंच वारा कोंडणारं यंत्र, उभारलं. तिथून हलवावं लागलं तेव्हा ओतॉयला हा दुसरा, मोठा बांधला, स्वतःच्या पैशाने. पहिल्या महायुद्धाआधीच्या फ्रेंच विमान बनवणाऱ्यांनी आपापल्या प्रतिकृती त्याच्याकडे आणल्या. निकाल छापायला परवानगी देईल त्याची चाचणी फुकट, असा त्याचा खाक्या होता. मला हा माणूस तिथे आवडायला लागला.

एक शंका मात्र माझ्यासारख्या अडाण्यालाही आली, आणि ती त्या काळच्या विद्वानांनाही होती, हे ऐकून बरं वाटलं. विमान उडतं तेव्हा हवा स्थिर असते आणि विमान धावतं. इथे विमान खिळलेलं आणि हवा धावते. दोन्ही एकच कसं? टॉवरवरून पडणाऱ्या तबकडीचे आकडे आणि बोगद्यात टांगलेल्या तबकडीचे आकडे आयफेलने शेजारी शेजारी ठेवले. ते जुळले. वाद तिथे मिटला. पंखावरच्या दाबाची त्याने भोकाभोकाने मोजणी केली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. विमान खालून ढकललं जातं म्हणून तरंगतं, असं सर्वसाधारण माणूस समजतो. प्रत्यक्षात पंखाच्या वरच्या बाजूला जे ओढणं असतं, त्याचा वाटा खालच्या रेट्यापेक्षा बराच जास्त निघाला.

या घरातला सर्वांत रंगतदार किस्सा मात्र एका साध्या गोळ्याचा. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल नावाचा प्राध्यापक स्वतःचा वातबोगदा चालवत होता. तिथेही गोळ्यावरचा हवेचा विरोध मोजला होता. आयफेलचा आकडा ग्योटिंगेनच्या निम्म्याहूनही कमी आला. प्रांट्लच्या हाताखालच्या फ्योप्ल नावाच्या सहकाऱ्याने सुचवलं, की फ्रेंच मंडळींच्या सूत्रात दोनाने भागण्या-गुणण्याचा घोटाळा झाला असावा. म्हातारा चिडला असणार! पण त्याने उत्तर शब्दांनी दिलं नाही. वेगवेगळ्या आकारांचे गोळे आणि वेगवेगळे वेग घेऊन त्याने मोजणी पुन्हा केली, आणि 1912 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली. कमी वेगाला ग्योटिंगेनचा आकडा बरोबर होता. एका ठरावीक वेगानंतर विरोध एकाएकी कोसळतो आणि तिथून पुढे आयफेलचा आकडा बरोबर. दोघेही खरे, दोघेही अपुरे.

असं का व्हावं, हे मात्र आयफेलला सांगता आलं नाही. ते 1914 मध्ये प्रांट्लने सांगितलं. गोळ्याला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. तो शांत असला की गोळ्यावरून लवकर सुटतो आणि मागे मोठी पोकळी पडते. खळबळता असला की गोळ्याला जास्त वेळ धरून राहतो, पोकळी लहान होते, विरोध घटतो. सिद्ध करायला त्याने गोळ्याच्या पुढच्या अंगाला एक बारीक तार गुंडाळली. तारेने थर खळबळला, आणि कमी वेगालाही विरोध खाली आला. गुळगुळीत गोष्टीला ओरखडा पाडला तर ती हवेतून सोपी जाते, हे कोणाच्या मनात आलं असतं? क्रिकेटच्या चेंडूची शिवण हेच काम करते. नव्या चेंडूची शिवण तिरकी धरणारा गोलंदाज एका बाजूचा थर खळबळवतो, दुसऱ्या बाजूचा शांत ठेवतो, आणि चेंडू हवेत वळतो.

कोणी म्हणेल, वातबोगदा तर आयफेलच्या आधीच झाला होता. झालाच होता. इंग्लंडमध्ये 1871 मध्ये फ्रान्सिस वेनहॅमने वातबोगदा बनवला होता. राइट बंधूंनी 1901 च्या शरदात डेटनला आपल्या सायकलींच्या दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, सायकलीच्या आऱ्यांची तार आणि करवतीची पाती वापरून तराजू केले, आणि पंखांचे सुमारे 200 नमुने तपासले. कारण ज्या कोष्टकांवर विसंबून त्यांनी ग्लायडर बांधले होते, ती त्यांना दगा देत होती. 1903 चं पहिलं उड्डाण आकाशात झालं असलं, तरी त्याचा निकाल त्या पेटीत आधीच लागला होता. आपल्याकडे 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या कथेत उंची आहे, गर्दी आहे. पंखाची उचल किती आणि रोध किती याची एकही तपासता येणारी नोंद नाही. मला एवढ्यावरून ती कथा बाजूला ठेवावीशी वाटते.

ओतॉयचा बोगदा आजही चालतो, पण आता त्यात इमारती, मोटारगाड्या असलं बरंच काही तपासलं जातं. "हे आजोबांचं घर झालं," भाचा म्हणाला. "आता राक्षसाचं बघ."

राक्षस राहतो आल्प्समध्ये, इटलीच्या सीमेजवळ, मोरिएनच्या दरीत. मोदान हे रेल्वेचं गाव. 1871 मध्ये उघडलेला आल्प्सखालचा रेल्वे बोगदा इथूनच सुरू होतो. शेजारी अव्रिय नावाचं चिमुकलं खेडं, समोरच्या भिंतीवर चित्रं रंगवलेलं चर्च, खाली आर्क नदी, आणि या सगळ्याच्या मध्ये फ्रान्सच्या ओनेरा या हवाई संशोधन संस्थेचे वातबोगदे. आत जायला आमच्याकडे परवानगी नव्हती. संरक्षणखात्याचं काम चालतं तिथे पाहुणे सहज घेत नाहीत. म्हणून आम्ही समोरच्या कड्यावर, सार्डिनियाच्या राजांनी फ्रेंचांना थोपवायला एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या तटबंदीपाशी चढलो आणि वरून पाहिलं. भाचा एकदा चाचणीच्या निमित्ताने आत राहून आला होता. त्यामुळे डोळे माझे, तोंड त्याचं, असं दर्शन झालं.

वरून दिसतं ते एक अवाढव्य, आयताकृती वळण घेतलेलं नळकांडं. वारा याच्यात गोल गोल फिरतो. सर्वांत जाड ठिकाणी त्याचा व्यास 24 मीटर. जिथे विमानाची प्रतिकृती उभी करतात तिथे 8 मीटर. हवा ढकलायला एकामागे एक, उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे, प्रत्येकाचा व्यास 15 मीटर. वाऱ्याचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत, म्हणजे ताशी 1,200 किलोमीटरच्या घरात जातो. याला एस वन म्हणतात. या जातीचा, ध्वनीच्या वेगापर्यंत जाणारा, जगातला सर्वांत मोठा वातबोगदा हाच.

"आणि एवढी वीज?" मी विचारलं.

"वीज नाहीच. पाणी!"

इथे मी खाली बसलो. वर ओस्वा गावाच्या माथ्यावर धरणं आहेत. तिथलं पाणी आठशेहून अधिक मीटर खाली उतरतं आणि पेल्टन चाकांवर आदळतं. लोणावळ्याच्या वरच्या तलावांचं पाणी टाटांच्या नळांतून खोपोलीला 1915 पासून असंच उतरतं, हे आपण बोरघाटातून जाताना पाहिलेलं असतं. फरक एवढाच की खोपोलीला ती चाकं वीज बनवतात. इथे पंखे चाकांच्याच आसावर बसवलेले. मध्ये जनित्र नाही, तारा नाहीत, मोटर नाही. 88 मेगावॅट शक्ती पाण्यातून सरळ वाऱ्यात. डोंगरातल्या पाण्याने घाटाच्या तळाशी वादळ उठवायचं, आणि त्या वादळात दोन-चार मीटरचं पोलादी विमान उभं करून त्याची थरथर मोजायची!

या राक्षसाचा जन्म मात्र स्वच्छ नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलासाठी ऑस्ट्रियात, एत्सतालच्या तोंडाशी हायमिंग गावात हा बांधला जात होता, आणि त्यात सक्तीने राबवलेल्या मजुरांचा घाम होता. युद्ध संपलं तेव्हा काम अर्धवट. तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला. त्यांनी अख्खी यंत्रसामग्री सुटी करून आगगाड्यांनी मोरिएनला आणली, 1946 मध्ये ओनेराची स्थापना केली, आणि 1952 मध्ये वारा सुरू केला. काँकॉर्ड, दासोची लढाऊ विमानं, पुढे एअरबसची प्रवासी विमानं, सगळ्यांनी इथे हजेरी लावली आहे. 2015 च्या सुमाराला असं लक्षात आलं की बोगद्याखालची जमीनच खचते आहे. मग सरकारी खर्चाने पाया भक्कम करून घेतला. जगात दुसरीकडे सहज मिळणार नाही अशी वस्तू सोडून कशी देणार?

मी भाच्याला म्हटलं, आता तर संगणक आहेत. एवढं पाणी कशाला वाहवायचं?

त्याने चिडून उत्तर दिलं नाही, हे त्याच्या शिक्षणाचं फळ. म्हणाला, पहिली शेकडो रूपं आता संगणकावरच होतात. पण हवा सुरळीत वाहते तोवरच तो भरवशाचा. पंख टोकाच्या कोनात गेला, हवा सुटली, उतरताना पंखाचे सगळे पत्रे आणि चाकं बाहेर आली, की तिथे हिशोब डळमळतो. आणि विमानाचा पंख नेमका अशाच वेळी दगा देऊ शकतो. म्हणून बोगद्यात प्रतिकृती मागून पोलादी दांड्यावर धरतात, आत लपवलेला तराजू तीन दिशांचे जोर आणि तीन दिशांचे पीळ मोजतो, आणि रंगीत तेल लावून हवा कुठे चिकटते, कुठे सुटते ते डोळ्यांनी बघतात. त्या आकड्यांवर पंखाची जाडी ठरते, शेपटीचं माप ठरतं, वैमानिकाला शिकवायच्या यंत्रात विमान कसं वागेल ते ठरतं.

चूक पकडण्याचं काम तर बोगद्याने कित्येकदा केलं आहे. अमेरिकेचं एफ-102 हे लढाऊ विमान ध्वनीच्या वेगापलीकडे जायला बनवलं होतं. 1953 मध्ये उडालं, आणि सरळ उड्डाणात तो वेग ओलांडेना. तिकडेच लँगली प्रयोगशाळेच्या बोगद्यात रिचर्ड व्हिटकॉम्बने आधीच शोधून ठेवलं होतं, की ध्वनीच्या वेगाजवळ पंख आणि धड यांचा वेगळा विचार करून चालत नाही. पंख जिथे जोडलेले असतात तिथे धड बारीक केलं पाहिजे, म्हणजे एकूण छेद सुरळीत बदलतो. एफ-102 ला कंबर आली, आणि 1954 च्या अखेरीस त्याने ध्वनीचा वेग सहज मागे टाकला.

पण वातबोगदाही खोटं बोलतो, हे ऐकून मला जास्त नवल वाटलं. प्रतिकृती लहान असते, पण हवेचे रेणू काही लहान करता येत नाहीत. त्यामुळे लहान विमानाला तीच हवा जास्त चिकट वाटते, आणि आयफेलच्या गोळ्याला झालं तसं, आकड्यांचं चित्रच बदलू शकतं. भिंतींमुळे वारा कोंडतो ते वेगळंच. उपाय दोन. एक, हवा दाबून दाट करायची. तुलूझजवळ फोगा-मोझाकला एफ वन नावाच्या बोगद्यात विमानाच्या चढण्या-उतरण्याच्या चाचण्या जवळजवळ चौपट दाबाखाली होतात. दुसरा उपाय ऐकून मात्र माझा विश्वास बसेना. जर्मनीत कोलोनला 1990 च्या दशकात सुरू झालेल्या युरोपीय बोगद्यात हवेऐवजी नायट्रोजन फिरवतात, तोही शून्याखाली दीडशे अंशांहून जास्त थंड करून. थंडीने वायू दाट होतो, चिकटपणा घटतो, आणि हातभर प्रतिकृतीला वाटतं आपण खरंच मोठं विमान आहोत. विमानाला फसवण्यासाठी केवढा हा खटाटोप! आणि शेवटी तीन साक्षीदार समोरासमोर बसवतात: संगणक, बोगदा आणि चाचणी-वैमानिक. तिघांची जबानी जुळली तरच आपण तिकीट काढतो.

खाली उतरताना मी भाच्याला आपल्याकडचं विचारलं, आणि मनात होती तेवढी उदासी उरली नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन यांनी 1950 च्या दशकात ध्वनीपेक्षा वेगवान वाऱ्याचे पहिले छोटे बोगदे उभे केले. तिथलाच 14 फूट बाय 9 फुटांचा मोठा बोगदा 1959 पासूनचा. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये 1.2 मीटरचा बोगदा 1967 मध्ये सुरू झाला. त्यात मोठ्या टाक्यांत हवा दाबून भरतात आणि काही सेकंदांत झटक्याने सोडतात. तेवढ्या सेकंदांत सगळी मोजणी उरकायची. तेजसच्या प्रतिकृती आणि इस्रोचे अग्निबाण त्याच वाऱ्यात उभे राहिले आहेत. 2022 च्या डिसेंबरात तिरुवनंतपुरमला इस्रोने स्वतःचा आणखी एक सुरू केला. मुंबईकरांना तर पवईच्या आयआयटीत वातबोगदा आहे, हेही बहुधा ठाऊक नसतं.

तेव्हा पॅरिसला सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी असाल, तर आधी चौकशी करून रू ब्वालोला जाऊन या. टॉवर कुठे पळत नाही. आणि तेवढं लांब जमणार नसेल, तर सीएसआयआरच्या प्रयोगशाळा (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज त्यांतलीच एक) 26 सप्टेंबरच्या स्थापनादिनाच्या सुमाराला लोकांना दार उघडतात. बेंगळुरूला पोराबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी म्हैसूरच्या राजवाड्याची बस पकडण्याआधी एक फोन करून विचारावं, की यंदा वातबोगदा दाखवणार का. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं.